पिकअप नव्हता

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी, १२ फेब्रुवारीला, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी आमच्या पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांच्या टेबलावरचा फोन वाजला. बदलापुरातील पुलाच्या चढावर जनरेटरची ट्रॉली ओढणारी पिकअप गाडी मागे घसरली होती. ट्रॉलीच्या धडकेने शहाळेवाल्याची हातगाडी उलटली आणि त्याचा पाय मोडला. प्रकरण किरकोळ होते. तरी ते मनातून गेलेले नाही, कारण त्यात माझ्या हातून एका माणसाचे नुकसान होता होता राहिले.

चालक खरवईचा, चाळिशीचा, दुसऱ्याच्या गाडीवर नोकरी करणारा. त्याने ट्रॉलीच्या चाकांखाली दगड लावले, ती सोडवली, शहाळेवाल्याला पिकअपमध्ये घालून रुग्णालयात नेले. तेथे मालकाचा फोन आला, "गाडी ताबडतोब कॅम्प पाचला पाठव." गाडी न्यायला मालकाचा माणूसही आला. चालकाने किल्ली दिली आणि स्वतः चालत ठाण्यात हजर झाला.

त्याचा जबाब हवालदारांनी लिहिला. मी तो वाचला. "चढावर पिकअप नव्हता. त्यामुळे ट्रॉली मागे आली."

मी त्याला समोर उभे केले.

"पिकअप नव्हता?"

"नव्हता, साहेब."

"चार माणसांनी पाहिला."

"त्यांना काय दिसणार, साहेब? चालवणाऱ्याला कळतं."

"म्हणजे ट्रॉली आपोआप आली?"

"पिकअप असता तं मी मागं आलो असतो का?"

ज्या गाडीतून जखमीला नेले, तीच जागेवर नव्हती, असे हा माणूस तोंडावर सांगत होता. मी त्याला उद्धट आणि खोटारडा ठरवले. वैद्यकीय तपासणीत दारूचा अंश नव्हता. तेवढ्याने माझे मत बदलले नाही.

मालक शेजारच्या शहरातल्या कॅम्प पाच वस्तीतला, लग्नकार्यांना जनरेटर पुरवणारा. तो न बोलावता आला. "साहेब, गाडी एकदम फर्स्ट क्लास. ह्या माणसाचं ध्यानच नसतं. आता तर त्याला अंबरनाथच्या कंपनीत बसवर लागायचंय, मग माझ्या गाडीची फिकीर कशाला करेल?"

कंपनीची गोष्ट खरी होती. चालकाचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्याच खणात होता. पहिल्या तारखेला त्याला रुजू व्हायचे होते. त्या दुपारी मी अर्जावर पेन्सिलीने लिहिले, 'शिफारस नाही.' शाईने लिहिणे तपास संपेपर्यंत थांबवले. ती माझी जुनी सवय होती.

दीड वाजता खबर मिळाली. कॅम्प पाचमधल्या आमच्या खबऱ्याने सांगितले, "साहेब, फटाक्यासारखा आवाज करणारी पिकअप गॅरेजला लागली आहे. जुना सायलेन्सर परत बसवायची घाई चालली आहे." अपघातात गाडीचे काहीच मोडले नसताना सायलेन्सर बदलण्याची घाई कोणाला? तेथील ठाण्याला कळवून आम्ही दोन पंच घेऊन निघालो. चालकालाही सोबत घेतले.

मेकॅनिकने नुकताच एक बोल्ट सैल केला होता. मी काम थांबवले, छायाचित्रे घेतली आणि त्याला विचारले, "गाडीत दोष काय?"

तो हात पुसत म्हणाला, "दोष कसला, साहेब? ह्या पिकअपला पिकअपच नाय."

मी हवालदारांकडे पाहिले. त्यांनी मान खाली घातली. चालक शांतपणे म्हणाला, "मी सकाळपासून तेच सांगतोय."

माझी सगळी नोकरी चालकाशेजारच्या आसनावर गेली. गाडीच्या ओढीला गाडीवाले पिकअप म्हणतात, हे त्या वयात मला प्रथमच कळले.

मेकॅनिकने पुढे समजावले. मालकाने दुसऱ्या एका गॅरेजमध्ये सायलेन्सर काढून रुंद, सरळ पाईप बसवून घेतला होता. पाईप मोकळा केला की जड ट्रॉली सहज ओढली जाईल, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. पण तेथे वेल्डिंग करताना टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा भरणाऱ्या पंख्याच्या, आधीचा जोड फुटला. "टर्बो फिरतो धुराच्या जोरावर. धूर आधीच बाहेर गेला तर तो फिरणार कशाने? रिकामी गाडी पळते. मागे वजन लावून चढावर घातली की मरते."

"मालकाला माहीत होते?"

चालकाने उत्तर दिले. "दोनदा सांगितलं, साहेब. म्हणाले, आवाज ऐक, वाघ आहे वाघ."

"वाघ होता खरा," मेकॅनिक म्हणाला, "सर्कशीतला."

दोनदा सांगितल्याचे संदेश चालकाच्या मोबाइलमध्ये होते. मी त्यांचाही पंचनामा केला.

सैल केलेला बोल्ट होता तसा आवळून, चार वाजता मोटार वाहन निरीक्षकांच्या समक्ष त्याच चढावर तीच ट्रॉली जोडली. दोन शिपाई लाकडी ठोकळे घेऊन चाकांमागून चालले. गाडीने रस्ताभर गर्जना केली आणि अर्ध्या चढावर ती थांबली. मागे येऊ लागताच ठोकळे लावावे लागले. नंतर मेकॅनिकने जोड दुरुस्त करून मूळ सायलेन्सर बसवला. या वेळी गाडी निमूटपणे वर गेली. आवाज एवढा कमी, की वर पोहोचल्याचे चालकाला हात वर करून खाली उभ्या निरीक्षकांना सांगावे लागले.

गुन्ह्यात मालकाचे नाव आले. चालक साक्षीदार झाला. शहाळेवाला उन्हाळा संपण्याआधी त्याच जागी पुन्हा उभा राहिला. आता तो हातगाडी चढाच्या बाजूला लावतो, ट्रॉलीच्या वाटेत नाही.

खोटे बोलणारा माणूस प्रश्नानुसार उत्तर बदलतो. त्या चालकाने सकाळपासून एक शब्दही बदलला नव्हता. हे मला तेव्हाच दिसायला हवे होते. त्यानंतर जबाबातील प्रत्येक कामाचा शब्द, ज्याचे काम त्यालाच विचारून घेतल्याशिवाय मी सही केली नाही.

सायंकाळी ठाण्यात चालकाचा पुरवणी जबाब घेतला. हवालदारांनी लिहिले, 'गाडीला ओढ नव्हती.' चालकाने वाचून पाहिले आणि म्हणाला, "तेच झालं, साहेब. फक्त शुद्ध झालं."

तो गेल्यावर मी खण उघडला. अर्जावरचे पेन्सिलीचे दोन शब्द रबराने खोडले, शाईने 'हरकत नाही' लिहिले, सही केली, शिक्का मारला आणि सहा वाजून चाळीस मिनिटांनी अर्ज जावक टपालात ठेवला.