पाठीवरची थाप

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या घरात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. पण एकदा मी चार दिवस राग गिळून बसलो होतो, आणि आजवरच्या माझ्या सगळ्या रागांपेक्षा तो गिळलेला रागच जास्त कामी आला. गोष्ट जबलपूरची, एकाहत्तरच्या हिवाळ्यातली.

कारखान्याचं नाव सांगायची गरज नाही. तिथे तोफगोळ्यांत दारू भरायचं काम चाले, एवढं पुरे. लढाई तोंडावर आलेली, त्यामुळे आठ तासांची पाळी बारा तासांची झाली होती आणि रविवार कुठे गेला ते कळत नव्हतं. मी तेवीस वर्षांचा, वर्ध्याहून आलेला, नोकरी अजून कच्ची. दारूच्या शेडमध्ये कुणी एकट्याने काम करायचं नाही असा नियम होता, म्हणून प्रत्येकाला एक जोडीदार असे. माझा जोडीदार भंडाऱ्याकडचा, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. त्यांना मी भाऊ म्हणत असे. मी सडाफटिंग, त्यामुळे रात्रीचं जेवण भाऊंच्याच क्वार्टरात. वहिनींच्या हातचा झुणका खाऊन मी त्या शहरात टिकलो, नाहीतर पहिल्याच महिन्यात वर्ध्याची गाडी धरली असती.

शेडमध्ये जाण्याआधी तीन अडथळे असत. फाटकावरचा पहारेकरी बिडी-काडी काढून घेई. मग कपडे बदलायच्या खोलीत बिनखिशाचा सदरा आणि बिनखिळ्यांचे जोडे घालायचे. आणि शेवटी जोडीदाराने जोडीदाराची झडती घ्यायची. काखा, कंबर, जोडे, सगळं चाचपायचं, 'साफ' म्हणायचं आणि पाठीवर थाप मारायची. थाप मिळाली की माणूस आत.

पहिले काही महिने मी हे इमानाने केलं. पण वडिलांच्या वयाच्या माणसाच्या काखेत रोज सकाळी हात घालायचा म्हणजे मला लाज वाटे. त्यात भाऊंना गुदगुल्या होत. "अबे, राहू दे ना," म्हणत ते हसत सुटायचे. हळूहळू झडती गळाली आणि नुसती थाप उरली. आमच्याच नाही, साऱ्या जोड्यांच्या बाबतीत हेच झालं होतं. फाटकावरचा पहारेकरीसुद्धा कामाच्या घाईत नुसता मान हलवून "चलो, चलो भैया" करत होता.

थंडी पडली तशी सदऱ्याच्या आतून स्वतःची बंडी घालायची मुभा मिळाली. एका सकाळी भाऊ पेटी उचलायला वाकले आणि त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशातून दोन आगकाड्या फरशीवर पडल्या. डोक्यावरच्या लाल गुलासकट. भाऊ बिडी पीत नव्हते. त्या काड्या दात कोरायला ठेवलेल्या, हे मला माहीत होतं. त्यांच्या घरी मोरीवरच्या कोनाड्यात तशा काड्यांचा ढीग असे. पण दारूच्या शेडमध्ये आगकाडी ती आगकाडी. सगळे जागच्या जागी थिजले. पाच मिनिटांत सुरक्षा विभागाची माणसं आली आणि भाऊंना घेऊन गेली. फाटकाजवळच्या एका खोलीत त्यांना ठेवलं. चौकशी पुरी होईपर्यंत घरी जायचं नाही, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सुरक्षेच्या साहेबाने मला बोलावलं. त्या माणसाला साहेब म्हणायची माझी आजही इच्छा नाही, पण दुसरं काही लिहिलं तर ते तुम्हाला वाचायला बरं वाटणार नाही. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि माझ्याशी मराठीत बोलायला लागला. बाहेर दिवसभर हिंदी ऐकणाऱ्या माणसाला ऑफिसच्या खुर्चीवरून घरची भाषा ऐकू आली की तो निम्मा तिथेच विरघळतो. मीही विरघळलो.

"घाबरू नकोस. आपण एका मातीतली माणसं," तो म्हणाला. "तुझ्या जोडीदाराला मदत करायचीय ना? मग इथे सही कर. तू झडती घेतलीस आणि तो साफ होता, एवढंच लिहिलंय."

खरं तर मी झडती घेतलीच नव्हती. पण भाऊ साफ होते असं लिहून द्यायचं, यात वाईट काय? उलट त्यांचं भलंच होणार, आणि माझी कच्ची नोकरीही वाचणार. सही करायला पेन हातात घेतलं होतं. तेवढ्यात कुणीतरी साहेबाला फोनवर बोलावलं, आणि मी "उद्या येतो" म्हणून सुटलो. हे धैर्य नव्हतं, हा निव्वळ योगायोग होता, हे कबूल केलेलं बरं.

संध्याकाळी वहिनींना मी ही बातमी खुशीत सांगितली. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "भाऊजी, तुमी म्हनता ते झडतीत साफ होते. मंग काड्या आल्या कुठून?"

झडतीत साफ होते, तर मग काड्या झडतीनंतर आल्या. म्हणजे भाऊंनी त्या मुद्दाम लपवून आणल्या, असाच अर्थ निघणार. लढाईच्या दिवसांत दारूच्या शेडमध्ये मुद्दाम आगकाड्या नेणाऱ्याला काय म्हणतात, हे सांगायला कुणी नको होतं. ती सही भाऊंना सोडवणारी नव्हती, जन्मभर आत टाकणारी होती. आणि फाटकावरचा पहारेकरी, म्हणजे साहेबाचाच माणूस, त्यातून अलगद सुटत होता. वर घातपाती पकडल्याची शाबासकी साहेबाला वेगळीच.

मग मी वहिनींना खरं काय ते सांगितलं. झडती घेतलीच नव्हती. माझ्या लाजेपायी, माझ्या आळसापायी. तव्यावरची भाकरी करपली. मग त्या म्हणाल्या, "जेवून घ्या आधी."

तिसऱ्या दिवशी साहेबाने पवित्रा बदलला. मी झडती घेतली नाही, असं मी तोंडी सांगितलं, तर तो हसला. "अरे, पण त्याने स्वतःच लिहून दिलंय की तू घेतलीस म्हणून. वीस वर्षांच्या नोकरीतला माणूस, त्याला तू खोटं पाडणार? हीच का तुझी जोडीदारी?" त्याने कागद माझ्यासमोर धरला. सही भाऊंचीच होती.

मला कळेना, भाऊंनी असं का लिहावं. मी विचारात पडलेला पाहून तो पुढे झुकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "आणि एक सांगतो, आपला माणूस म्हणून. तू रोज त्याच्या घरी जेवतोस, ते त्याला आवडत नाही. बायको घरात, हा तरणाताठा पोरगा, लोक काय म्हणतात... बोलला बिचारा. रडला माझ्यासमोर."

त्याला एक फटका द्यावा असं वाटलं. हात टेबलाखाली दाबून धरले. पण खरी लाजेची गोष्ट पुढची. त्या संध्याकाळी मी वहिनींकडे जेवायला गेलो नाही. खोलीत चणे-मुरमुरे खाऊन पडलो. मनात येत होतं, खरंच बोलले असतील का भाऊ? त्यांनी मला कधी हसून 'रोज रोज काहून येतोस बे' म्हटलं होतं, ते सगळे प्रसंग मी आठवून आठवून तपासले. त्यातला एकही थट्टेचा वाटेना. त्या माणसाने एका वाक्यात माझी वर्षभराची जेवणं नासवली होती.

सकाळी वहिनी खोलीच्या दारात उभ्या. हातात डबा. "काल काहून नाही आले?" त्यांनी विचारलं. "तुमच्या वाटची भाजी झाकून ठेवली होती." त्यांनी डबा ठेवला आणि फाटकावर भाऊंचा दुसरा डबा द्यायला निघून गेल्या. रस्त्यावरून सगळ्यांच्या देखत, डोक्यावर पदर घेऊन, सरळ चालत गेल्या. त्यांना पाठमोरं पाहिलं आणि माझं डोकं ताळ्यावर आलं. लोक काय म्हणतात याची त्या बाईला काही पडलेली नव्हती, आणि मी चणे खात बसलो होतो.

मी कागद घेऊन बसलो. ऑफिसचं काम हिंदीत चाले, म्हणून हिंदीत लिहिलं. त्या सकाळी मी झडती घेतली नाही. दोन-तीन महिने घेतलेली नाही. नुसती थाप मारतो. माझा जोडीदार मला वाचवण्यासाठी वेगळं सांगत असेल, तर त्याचं ऐकू नये. फाटकावरही त्या दिवशी आमची झडती झाली नव्हती. त्याच्या तीन प्रती केल्या. एक आमच्या फोरमनच्या ऑफिसात दिली आणि दुसरीवर आवक नोंदवल्याचा शिक्का घेऊन ती खिशात ठेवली. तिसरी साहेबासमोर ठेवली.

त्याने वाचलं. पहिल्यांदाच मराठी सोडून हिंदीवर आला. "नौकरी जाएगी तुम्हारी, समझे?"

"समझा," मी म्हणालो. "पर सही इसी पर करूँगा."

त्याने कागद फाडला. मी शिक्क्याची प्रत खिशातून काढून दाखवली. तेव्हा त्याने चहाचा कप माझ्यापुढून उचलून बाजूला ठेवला, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊंना सोडलं. दोघांनाही निष्काळजीपणाची ताकीद मिळाली. मला सहा महिने शेडमधून काढून आवारातलं गवत कापायला लावलं. साहेबाला काही झालं नाही. तो पुढे बढतीवर दुसरीकडे गेला, असं ऐकलं.

मी फाटकाबाहेर उभा होतो. भाऊ बाहेर आले ते चिडूनच. दाढी वाढलेली, डोळे लाल. "काहून सांगतलं बे तू? मी लिहून दिलं होतं ना, तू तपासलं म्हनून! तुही नोकरी कच्ची, एवढी अक्कल नाही तुले?"

"तुमचं लिहिलेलंच तुम्हाले आत टाकून राहिलं होतं, भाऊ," मी म्हणालो, आणि वहिनींनी विचारलेला प्रश्न त्यांना सांगितला. ते थबकले. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग आम्ही क्वार्टरांच्या दिशेने चालू लागलो.

बरंच अंतर गेल्यावर ते म्हणाले, "मले रोज सांगे तो, पोरानं तुह्या विरोधात सही केली म्हनून. कागद दाखवे लांबून."

"मग? तुम्ही काय म्हणाले?"

"म्हनलं, केली असन तर बरोबरच केली असन."

त्या एका संध्याकाळच्या चण्या-मुरमुऱ्यांची गोष्ट मी त्यांना तेव्हा सांगू शकलो नाही, पुढेही नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे. मला त्याची अजून लाज वाटते.

सहा महिन्यांनी मी शेडमध्ये परत आलो. पहिल्या सकाळी कपडे बदलायच्या खोलीत भाऊ माझी वाट पाहत होते. त्यांनी हात वर केले. मी त्यांच्या काखा चाचपल्या, कंबर, सदऱ्याची शिवण, जोडे काढायला लावून तेही झटकले. भाऊ गुदगुल्यांनी हसले नाहीत. मागची रांग खोळंबली. कुणीतरी ओरडलं, "अरे भैया, दूल्हा सजा रहे हो क्या?"

"साफ," मी म्हणालो आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. मग मी हात वर केले.