दोन बोटं खाली

"कारण?" एवढंच विचारायची ती. चहा नको म्हटलं तरी कारण, हवा म्हटलं तरी कारण. विचारून झालं की मान तिरकी करून उत्तराची वाट बघत उभी राहायची.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला बिबवेवाडीत चाळीस वर्षं पत्रा ठोकताना ही पहिलीच भेटली. माझं शिक्षण चौथी. पण अपघाताची गाडी माझ्या शेडमधून बाहेर पडली, की कुठली बाजू धडकली होती हे मालकालाही सांगता येत नाही. हे मी नाही, सदाशिव पेठेतले माझे एक गिऱ्हाईक डॉक्टर म्हणतात, आणि ते उगाच कुणाचं कौतुक करत नाहीत.

ती एका कंपनीत पुढं कधीतरी येणाऱ्या गाड्यांची चित्रं काढायची. त्यातली एक तिला पत्र्यात उभी करून हवी होती. चालवायला नाही, साहेबांना दाखवायला. बॅटरीवरची, दोन माणसांची, आणि आत स्टेअरिंगच नाही.

"मॅडम, ड्रायव्हर कुठं बसणार?"

"ड्रायव्हर नाहीच. गाडी स्वतः चालेल."

"स्वारगेटच्या चौकात?"

"तिथं ड्रायव्हर असून तरी काय उपयोग होतोय, काका?"

त्या दिवसापासून मी तिला मानायला लागलो. मनात. तोंडावर नाही.

गाडीच्या नाकावर लावायची खूणही तिनंच काढली होती. एकच रेघ, डावीकडं खाली उतरणारी. मी म्हटलं, "एवढ्याचा पगार देतात?" तर म्हणाली, "अख्खी वही खोडली, तेव्हा ही एक राहिली." साहेबांनी गाडी नाकारली, तर तिची दोन वर्षांची मेहनत कपाटात जाणार होती आणि तिला पुन्हा बिस्किटांच्या पुड्यांवरची लेबलं काढायला बसवणार होते. हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, तेही मी कारण विचारल्यावर.

उजवी बाजू मी घडवली होती. डावी तिनं दुसऱ्या एका कारखान्यातून करून आणली होती. दाखवायच्या आदल्या संध्याकाळी ती गेल्यावर मी गाडीभोवती फिरलो. डाव्या दाराचा उंबरा, म्हणजे चढताना ओलांडायची पत्र्याची कड, उजव्यापेक्षा दोन बोटं खाली! म्हटलं, त्या लोकांनी पोरीचा घात केला. आयुष्यभर मी एकच काम केलं, एक बाजू दुसरीसारखी करायची. भिंतीवर चित्र टांगलेलं होतं. पण चित्र बघून काम करायला मी काय शाळेत होतो? वरून पत्र्याची पट्टी जोडून उंबरा उंच केला, घासला, रंग मारला. डावी उजवी जुळ्या बहिणी.

सकाळी दहाला ती आली. उंबऱ्यावरून हात फिरवला आणि तिथंच थांबली.

"कारण?"

"दोन्ही बाजू सारख्या नकोत का?"

"चित्र पाहिलंत?"

मी हातोडी पुसत राहिलो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "काका, डावीकडून आत बसा." मी टपाला धरून, गुडघा दाबत चढलो.

"दुखला?"

"काही नाही."

"स्वारगेटला मी चार दिवस बसमध्ये डावीकडून चढणारी म्हातारी माणसं बघत उभी होते. सगळी असंच म्हणतात, काही नाही. त्या दोन बोटांसाठी ही गाडी आहे. खुणेतली ती रेघही त्यांचीच."

साहेब चार वाजता येणार होते.

पट्टी कापून काढली, तर उष्णतेनं पत्रा पापडासारखा फुगला. ओलं फडकं ठेवायचं, ठोकायचं, परत फडकं. एक घाव जास्त पडला तर पत्रा फाटणार. आतून कुणीतरी लोखंडी ठोकळा धरायला हवा होता. तिनं बाह्या वर केल्या आणि आत हात घातला.

"बोटं चेचतील, मॅडम."

"चाळीस वर्षं ठोकताय म्हणता ना? ठोका."

दोन वाजेपर्यंत मी ठोकत होतो, ती ठोकळा सरकवत होती. उंबरा खाली आला, पण पत्र्यावर एक बारीक लहर राहिलीच. रंग वाळवायला दिवे लावले. तीन वाजता ती म्हणाली, "तुम्ही घरी गेलात तरी चालेल." मी गेलो नाही.

चौघं आले. त्यातल्या पांढऱ्या केसांच्या साहेबांनी गाडीला फेरी मारली, लहरीवर बोट टेकवलं. "ही बाजू खाली का? काही गडबड झाली वाटतं?"

तिनं भिंतीवरचं चित्र काढायला हात वर केला.

तेवढ्यात मी पुढं झालो. "गडबड माझी, साहेब. मलाही ती चूकच वाटली. चित्र न बघता कालच मी ती बुजवली होती. आज यांनी मला आत बसवलं, तेव्हा कळलं. ती लहर माझ्या शहाणपणाची आहे. उंबरा यांचा आहे. तुम्ही बसून बघा."

माझी चूक मी बायकोपुढंही कधी कबूल केलेली नाही.

साहेब चढले. उतरले. पुन्हा चढले. मग त्यांनी बरोबरच्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि तिला शेजारी बसवून घेतलं.

गाडी मंजूर झाली, पुढचं काम चेन्नईला होणार असं ठरलं. गाडीबरोबर तीही निघाली. त्यानंतर तिचा फोन आला नाही, मीही केला नाही. कामाची माणसं अशीच असतात.

निघायच्या दिवशी टेंपोत गाडी चढवून ताडपत्री बांधली. ती ड्रायव्हरशेजारी बसली. मी हात वर केला. टेंपो कोपऱ्यावर वळेपर्यंत तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. खिडकीतून अर्धी बाहेर वाकून ती उंबऱ्यावरचा दोर घासत नाही ना, तेवढंच बघत होती.