मानपत्रावर आलेल्या हरकती

साहेबांना कार्यालयात सगळे पाठीमागे 'थांबासाहेब' म्हणत. वीज कंपनीनं दर किती लावावा आणि ग्राहकाशी कसं वागावं, हे ठरवणाऱ्या सरकारी मंडळात त्यांनी एकतीस वर्षं काढली; कनिष्ठ अधिकारी म्हणून शिरले आणि अध्यक्ष होऊन निघाले. सुनावणीत कंपनीचा वकील एखाद्या साध्या ग्राहकाचं बोलणं तोडायला उठला, की साहेबांचा हात वर जायचा. "थांबा. त्यांचं बोलणं संपू द्या." मग तो माणूस मीटरवरून सुनेवर आणि सुनेवरून गुडघेदुखीवर गेला तरी साहेब ऐकत, वर टिपणही घेत. एका म्हातारीच्या निकालात तिच्या गुडघ्यांचा उल्लेख आहे. खोटं वाटत असेल त्यानं दप्तर उघडून बघावं.

माणूस नाकासमोर चालणारा. कंपनीनं नव्या वर्षाचं कॅलेंडर पाठवलं तरी ते पोच लिहून परत जायचं. सुनावणीच्या दिवशी चहासुद्धा घरच्या थर्मासमधला. त्यामुळे एवढ्या वर्षांत नोकरीची खूण म्हणून घरात एक टाचणी आली नाही, आणि हे बायकोच्या मनाला फार लागलं होतं. शेजारचे बँकवाले निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या भिंतीवर घड्याळ आलं, ढाल आली, तसबीर आली. "आपली भिंत बघा," ती म्हणायची, "आजच राहायला आल्यासारखी दिसते."

म्हणून कार्यालय मानपत्र देणार हे कळल्याबरोबर तिनं सुताराला बोलावलं आणि बैठकीच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याला पहिला दिसेल असा, जाडजूड खिळा मारून घेतला. खिळा कुठे हवा, हे तिनं साहेबांना तीनदा विचारलं होतं. साहेब फायलीत डोकं घालून तिन्ही वेळा "हं" म्हणाले होते. आता मात्र रोज कामावर निघताना त्या रिकाम्या खिळ्याकडे त्यांची नजर जायची. काहीही होवो, हा खिळा रिकामा राहता कामा नये, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं.

मानपत्र लिहायला घेतलं हेडक्लार्कनं. हा मनुष्य तीस वर्षं रूक्ष आदेश टाइप करून करून आतून कवी झालेला. त्यानं साहेबांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं ते पार शेंड्यापर्यंत. कागदाच्या डोक्यावर 'मसुदा' असं लिहून तो टेबलावर ठेवला आणि जेवायला गेला. तिथेच घात झाला. त्या कार्यालयात ज्या कागदावर 'मसुदा' असेल तो जनतेपुढे ठेवायचा, हा साहेबांनीच घालून दिलेला दंडक. जावक विभागातल्या बाईंनी कागद उचलला, मजकूर न वाचता त्यावर शिक्का हाणला, 'हरकती व सूचना एकवीस दिवसांत, संध्याकाळी पाचपर्यंत', आणि बाहेरच्या फलकावर लावून टाकला. एकविसावा दिवस नेमका निरोप समारंभाचा.

त्या दिवशी चार वाजता मोठ्या दालनात खुर्च्या भरल्या. पहिल्या रांगेत साहेबांची बायको, मांडीवर तसबिरीच्या मापाची कापडी पिशवी. एवढ्यात हेडक्लार्क रडवेल्या तोंडानं साहेबांच्या कानाशी लागला. "साहेब, घोळ झालाय. मसुदा फलकावर लागला होता, मला आत्ता कळलं. मानपत्रावर दोन हरकती आल्यात, हरकत घेणारेही येऊन बसलेत. मी म्हणतो, फाडून टाकू."

"फाडून?" साहेबांचा आवाज चढला. "लोकांनी वेळ काढून लिहिलंय. ऐकल्याशिवाय मसुदा अंतिम होत नाही."

"पण मानपत्र तुमचं आहे! स्वतःच्या प्रकरणात स्वतःच निर्णय?"

"स्वतःच्या बाजूनं देता येत नाही. विरुद्ध द्यायला कुठला नियम आड येतोय?" एवढं बोलून साहेबांनी खिशातली लाल पेन्सिल काढली. बायकोनं पिशवी घट्ट धरली, हे त्यांनी पाहिलं. पण नोटीस ती नोटीस.

पहिला उठला इस्त्रीवाला. "नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक," साहेब सवयीनं म्हणाले. त्यानं सगळं सांगितलं आणि कागद पुढे धरला. "यात लिहिलंय, साहेब 'तत्परतेनं' न्याय द्यायचे. माझं दुकान बंद असताना मीटर पळत होतं, त्याचा निकाल लागायला दोन वर्षं गेली. निकाल माझ्या बाजूनं लागला, नाही म्हणत नाही. पण तत्परतेनं? दोन वर्षांत माझ्या पोरीचं लग्न होऊन तिला मूल झालं!"

"हरकत मान्य," साहेब म्हणाले आणि 'तत्परतेनं'वर रेघ मारली.

दुसरा कंपनीचा वकील. "'कंपनीलाही ते सदैव आपलेच वाटत,' असं एक वाक्य आहे. माझ्या अशिलाच्या वतीनं सांगतो, एक दिवससुद्धा वाटले नाहीत."

दालनात हशा पिकला. साहेबांनी तेही वाक्य खोडलं. मग त्यांच्या पेन्सिलीला सुचू लागलं. 'तेजस्वी' गेला, 'ज्ञानसागर' गेला, 'दीपस्तंभ' तर विजेचे दर ठरवणाऱ्या मंडळात चालणारच नव्हता. हेडक्लार्क एकेका विशेषणाबरोबर खुर्चीत खचत गेला. आपण होऊन हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, याचं त्याला राहून राहून वाईट वाटत होतं. शेवटी कागदावर एकच वाक्य उरलं: 'यांनी प्रत्येकाचं बोलणं संपेपर्यंत ऐकलं.'

साहेबांना हायसं वाटलं. एक वाक्य तर एक वाक्य. खरं होतं आणि खिळ्यापुरतं होतं. "आणखी कोणाची हरकत?" त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं.

"माझी आहे," पहिल्या रांगेतून आवाज आला.

बायको उभी राहिली होती. वकिलाला राहवलं नाही. "लेखी दिलेली नाही, शिवाय मुदत..."

"पाचला संपते. आत्ता पावणेपाच झालेत. मी फलक वाचूनच आत आलेय."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. तरी सवय सुटेना. "नाव, पत्ता?"

"पत्ता तुमचाच," ती म्हणाली आणि पुन्हा हशा झाला. पण ती हसत नव्हती. "प्रत्येकाचं ऐकलं म्हणता. मी एकतीस वर्षं बोलतेय. स्वयंपाकघरातला नळ गळतोय, तेही सांगितलं. आई गेल्यावर मला करमत नाही, तेही सांगितलं. दोन्हीला उत्तर एकच. 'हं.' पालथ्या घड्यावर पाणी. इथे परक्या म्हातारीचे गुडघे निकालात आले. माझे कुठे आले?"

वकील काहीतरी बोलायला उठला. साहेबांचा हात आपोआप वर गेला. "थांबा. त्यांचं बोलणं संपू द्या."

"संपलं," ती म्हणाली आणि खाली बसली. साहेबांना तिचा इतका राग आणि स्वतःची इतकी लाज एकाच वेळी कधी वाटली नव्हती. राग दोन मिनिटांत ओसरला, लाज मात्र राहिली. बायको खरं बोलत होती. खोटं विधान अंतिम आदेशात ठेवायचं नाही, हे साहेबांनी आयुष्यभर पाळलेलं.

"हरकत मान्य," ते हळूच म्हणाले.

पण या वेळी त्यांनी वाक्य खोडलं नाही. त्यात लाल पेन्सिलीनं दोन ठिकाणी भर घातली. हेडक्लार्कनं जागच्या जागी टाइप केलं, शिक्का मारला आणि काचेआड बसवून तसबीर साहेबांच्या बायकोच्या पिशवीत सरकवली.

घरी पोचल्यावर साहेबांनी स्वतः स्टुलावर चढून ती खिळ्यावर अडकवली. तीत लिहिलं होतं: 'यांनी कार्यालयात आलेल्या प्रत्येकाचं बोलणं संपेपर्यंत ऐकलं. घरच्या अर्जदाराची सुनावणी प्रलंबित आहे.'

"वाकडी लागलीय," बायको म्हणाली.

साहेबांनी सरळ केली, खाली उतरले आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. हातात फाईल नव्हती. "बोल," ते म्हणाले.

तिनं आधी नळापासून सुरुवात केली. थर्मासमधला उरलेला चहा दोघांनी वाटून घेतला. ती आईपर्यंत पोचली तेवढ्यात शेजारचे बँकवाले मानपत्र बघायला दारात आले आणि तिथूनच ओरडले, "काय साहेब, आता मोकळे ना?"

साहेबांनी मागे न बघता हात वर केला.

"थांबा," ते म्हणाले. "तिचं बोलणं संपू द्या."