बाळंतपणाच्या बॅगेतलं पुस्तक

जर्मनीचं सचित्र प्रवासपुस्तक घ्यायला मी महाद्वार रोडवरच्या एका दुकानात गेले, तर दुकानदारानं पहिला प्रश्न विचारला तो पुस्तकाबद्दल नव्हताच.

"मावशी, ल्योकाकडं का लेकीकडं?"

"लेकीकडं."

"मग बाळंतपण असणार की!" बक्षीस लागल्यासारखा तो खूश झाला. "मग पुस्तक कशाला घेताय? तिकडं दुपटी धुण्यात दिस कवा गेला कळायचं न्हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा अंदाज बरोबर होता म्हणून जास्तच गेली. लेकीला सातवा महिना सरत आला होता, माझं तिकीट काढून झालं होतं, आणि शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत भाजीवालीपासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांनी मला एकच विचारलं होतं, "बाळंतपणाला निघालात व्हय?" जर्मनीला निघालात का, असं एकानंही विचारलं नाही. मी जणू विमानातून उतरून थेट मोरीत पाय ठेवणार होते.

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. गट पर्वत आणि खचदरी हा धडा मी किती वर्गांना शिकवला याचा हिशेब नाही. टेबलाच्या जरा वर तीन जाड पुस्तकं अधांतरी उभी धरायची, दोन्ही बाजूंनी दाबायची, मग हात जरा सैल सोडायचे. मधलं पुस्तक खाली घसरतं. बाजूची दोन उभी राहिलेली पुस्तकं म्हणजे गट पर्वत आणि घसरलेली ती खचदरी. मग फळ्यावर लिहायचं: एकीकडे व्होज पर्वत, दुसरीकडे ब्लॅक फॉरेस्ट पर्वत, मध्ये ऱ्हाइन नदी. ती नदी मी कधी पाहिली नव्हती. पाठ्यपुस्तकात तिची आकृती होती, काडेपेटीएवढी, काळ्या शाईत चोपडलेली. आणि आता माझी लेक तिथून आगगाडीनं दीड तासावर राहत होती. मला तो दीड तास हवा होता. बाकी काही नको होतं.

म्हणून मला चित्रांचं पुस्तक हवं होतं. जायच्या आधी नदी कुठून कशी दिसते, कुठल्या टेकडीवर उभं राहिलं की दोन्ही पर्वत एकदम दिसतात, ते मला बघून ठेवायचं होतं.

दुकानदारानं आधी एक मराठी पुस्तक काढलं. बारा दिवसांत अख्खा युरोप. त्यात फोटो भरपूर, पण प्रत्येक फोटोत लेखक स्वतः उभे. किल्ल्यासमोर हे, कारंज्यासमोर हे, गायीसमोरही हे. ऱ्हाइनचा एक फोटो होता, त्यात नदी यांच्या पोटामागून निघून सौभाग्यवतींच्या पर्समागे लुप्त होत होती. मी ते पुस्तक आपटलंच.

"ह्ये बघा मग," म्हणून त्यानं लहान मुलांचं रंगीत पुस्तक पुढे केलं. "नातवालाबी हुईल."

नातू अजून पोटात होता, पण पुस्तक त्याचं झालंसुद्धा. मी स्वतःच कपाटाकडे गेले आणि वरच्या फळीवरचं एक जाडजूड पुस्तक ओढून काढलं.

"मावशी, इंग्लिश हाय ते."

"मला दिसतंय," मी म्हटलं. "मी बी.ए., बी.एड. आहे. मुलं हसतील अशी इंग्रजी बोलते, पण वाचते."

मी पानं उलटली. गुळगुळीत कागद, किल्ल्यांची आतून कापून दाखवलेली चित्रं, आणि मध्यावर दोन पानं भरून ऱ्हाइनची दरी, उंचावरून काढलेली. डावीकडे व्होज, उजवीकडे ब्लॅक फॉरेस्ट, तळाला द्राक्षांचे मळे आणि नदीत बोट. माझी काडेपेटी कुणीतरी उघडून अंथरली होती. दुकानात उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले, आणि दुकानदारासमोर रडायची वेळ आली म्हणून मला पुन्हा राग आला. मी पुस्तक घेतलं.

घरी खरी लढाई होती. विमानात एक बॅग, तेवीस किलो. लेकीनं यादी पाठवली होती: डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ, बाळंतशोपा, मेतकूट, कांदा-लसणाची चटणी, जुन्या सुती साड्यांची दुपटी. आमच्या ह्यांनी बॅग वजनकाट्याला अडकवून उचलली आणि काटा बघून तोंड वाकडं केलं. मग त्यांनी बॅग उघडली, न विचारता पुस्तक बाहेर काढलं आणि पलंगावर ठेवलं.

"दीड किलो हाय की ह्ये! तेवढ्यात लाडवाचा अजून एक डबा बसतोय."

"लाडूच न्या मग, मी राहते घरी."

"डोकं फिरलंय काय तुझं? लेक बाळंत हुणार, आन् तुला नदीचं पडलंय!"

तुला नदीचं पडलंय. हे वाक्य मला अजून टोचतं. ह्यांनी नोकरीत असताना युनियनच्या अधिवेशनाच्या नावाखाली अर्धा देश पालथा घातला. तेव्हा ह्यांना कशाचं पडलं होतं, हे मी एकदाही विचारलं नाही. मी पुस्तक परत बॅगेत कोंबलं. ह्यांनी परत काढलं. साठी उलटलेली दोन माणसं एका पुस्तकावरून अशी भांडत होती की खालच्या मजल्यावरची बाई बघायला वर आली.

रविवारी दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ह्यांनी आधीच चुगली केली होती. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, पावलं सुजलेली. ते बघून माझा जीव खालीवर झाला, तरी मी मागं हटले नाही.

"आई, पुस्तक राहू दे गं. फोनवर सगळं दिसतं."

"मला फोनवर बघायचं नाही. एक दिवस जाऊन बघायचंय."

"अगं, बाळ एवढंसं असणार. तुझ्याशिवाय मला जमेल का?" मग तिनं समजूत घातल्यासारखं म्हटलं, "पुढच्या वेळी निवांत ये, तेव्हा जाऊ."

माझ्या तोंडात आलेली शिवी तिथंच अडकली. हे वाक्य माझं होतं.

ही लेक झाली तेव्हा माझी आई इथं आली होती. आमचं माहेर निपाणीकडं, सीमेवरचं, आईला आम्ही अव्वा म्हणायचो. गावात दवाखाना नव्हता म्हणून बाळंतपण कोल्हापुरात करायचं ठरलं, आणि अव्वा सव्वा महिना आमच्या दोन खोल्यांत राहिली. शेक-शेगडी, तेल, बाळाची अंघोळ, ह्यांचा डबा. एकदा दुपटी वाळत घालायला गच्चीवर गेली आणि खाली येऊन म्हणाली, "वरनं डोंगर दिसतोय गं. पन्हाळा म्हंत्यात त्यो त्योच काय? लई लांब हाय का?" मी बाळाला पाजत होते. मी म्हटलं, "जवळच हाय, अव्वा. पुढच्या खेपंला जाऊ." ती बरं म्हणाली आणि भांड्यांना लागली. सव्वा महिना झाल्यावर मी तिला साडी नेसवली आणि एसटीत बसवलं. कर्तव्य केल्यासारखं वाटलं होतं मला. आणि मी दर वर्षी शाळेची सहल घेऊन पन्हाळ्याला जात होते. परक्यांची पोरं मी तासाभरात गडावर नेत होते.

"आई? ऐकतेयस ना?"

मी तिला अव्वाचं सांगितलं. गच्ची, दुपटी, तिनं विचारलेलं, मी दिलेलं उत्तर, सगळं. आवाज चढलेलाच होता, खाली आणता येईना. परत बॅग मोजायला घेतलेला काटा ह्यांनी खाली ठेवला.

लेकीनं पोटावर हात फिरवत हळूच विचारलं, "मग पुढच्या वेळी नेलंस का आजीला?"

"पुढच्या वेळी मी गेले तिकडं," मी म्हटलं. "तिच्या दहाव्याला. एक दिवस दे मला. बाळाला घेऊन चल, नाहीतर मी एकटी जाते, पण दे."