मेडशीच्या वावरातला निळा धूर

टर्बो म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेले, मुठीत मावतील असे दोन पंखे. इंजिनाने टाकून दिलेला धूर एका पंख्याला फिरवतो. त्याच फेऱ्याने दुसरा पंखा बाहेरची हवा ओढतो आणि इंजिनात कोंबतो. मिनिटाला लाखभर फेरे होतात. एवढ्या वेगात तो दांडा कोणत्याही धातूला टेकत नाही. तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत राहतो. वाशीमला डिझेल इंजिने खोलण्यात माझे आयुष्य गेले, तरी हे मला अजून पुरते खरे वाटत नाही.

असे यंत्र सहसा आपल्या मरणाने मरत नाही. गाडी ओढत नाही आणि धूर काळा येतो, तेव्हा बहुधा हवेचा पाइप कुठेतरी फाटलेला असतो. निळा धूर आला तर तेल जळते आहे. ते कुठून आले, हे शोधायचे असते. आमच्याकडे एक खोड फार आहे. भर कामातून गाडी थांबवायची आणि इंजिन तापलेले असतानाच बंद करायचे. तेल थांबते, पंखा धगधगत राहतो, आणि बेअरिंगमध्ये तेलाचे डांबर होते. ही खोड मी इतक्यांदा पाहिली होती की पुढे पुढे मी तपासणे सोडले आणि निकाल देऊ लागलो.

सोयाबीनच्या हंगामात मेडशीचा एक शेतकरी आपला ट्रॅक्टर घेऊन आला. सोबत त्याचा चालक होता, चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा. मळणीचा थ्रेशर चालवताना निळा धूर येतो, अशी तक्रार होती. मी टर्बो उतरवला. हवा ओढणाऱ्या पंख्यावर तेल होते. मी नवा टर्बो बसवला आणि मालकाला सांगितले, की तुमचा माणूस इंजिन गरम असतानाच बंद करतो. जुना टर्बो मी भंगारात टाकला.

पंधरा दिवसांत ते पुन्हा आले. धूर पुन्हा सुरू झाला होता आणि या वेळी मालक चिडलेला होता. चालक म्हणाला, "मी पाच मिन्टं इंजिन चालू ठेवतो, काका. मंग बंद करतो."

मालकाने त्याच्याकडे न पाहता मला म्हटले, "हा इंजिन चालू ठेवते, अन् त्याच्याच सावलीत झोपून राह्यते."

त्याने पुढे सांगितले, की अनसिंग गावचा एक चालक परवापासून येणार आहे. उद्या संध्याकाळी याचा हिशेब मिटवून याला काढणार. माझ्या शब्दावर त्याने हे ठरवले होते. मी इंजिन चालू केले, तर धूर नव्हता. ट्रॅक्टर नेहमीसारखाच स्वच्छ धुऊन आणलेला होता. वर्कशॉपात गाडी मळकी आणणे आमच्याकडे कमीपणाचे मानतात.

मालक चहाला गेला तेव्हा चालक जवळ आला. "काका, अठी धूर येतच नाही. वावरात या, मंग दिसते." एवढे बोलून तो बाजूला झाला. त्याने गयावया केली असती तर कदाचित मी गेलो नसतो.

रात्री मला पहिला टर्बो आठवत राहिला. त्याचे बेअरिंग काळे नव्हते. तेल पिवळे, स्वच्छ होते. पुरावा माझ्या हातात होता आणि मी तो वाचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मेडशी गाठली. वावरात थ्रेशर चालू होता. सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुसकटाचा, भुगा हवेत इतका दाट होता की मजूर बायांनी डोळ्यांपर्यंत पदर बांधले होते. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, जिथून इंजिन हवा घेते त्या टोपीवरही एक धोतराचे फडके पक्क्या गाठीने बांधलेले होते. भुगा बसून ते पापडासारखे कडक झाले होते. सायलेन्सरातून निळा धूर निघत होता.

मी बॉनेटखाली हात घातला. हवेचा रबरी पाइप आत ओढला जाऊन चपटा झाला होता. श्वास कोंडलेल्या माणसाचे गाल आत जातात, तसा. बाहेरून हवा मिळेना, म्हणून तो पंखा आतले तेल ओढत होता.

फडके कोणी बांधले, असे मी विचारले. मालक अभिमानाने म्हणाला, की आपणच ते रोज सकाळी ओले करून बांधतो. इंजिनात कचरा जाऊ नये म्हणून. गाडी वाशीमला न्यायची असली की सोडून धुऊन ठेवतो. चालकाला मी विचारले, की हे मला का सांगितले नाहीस.

"कापड मालकानं बांधलं," तो म्हणाला. "मी कसं सोडू, अन् कसं सांगू?"

मी खिशातल्या चाकूने फडके कापले. पाइप फुगून गोल झाला. इंजिनाचा आवाज मोकळा झाला आणि त्याच्या वर टर्बोची एक बारीक, सरळ शिट्टी चढत गेली. निळा धूर आणखी काही वेळ आला, विरळ झाला, मग थांबला. मजूर हातातले काम सोडून पाहत राहिले. त्या यंत्रात काहीच बिघडलेले नव्हते. भंगारात टाकलेल्यातही नव्हते.

मजुरांसमोर मी मालकाला सांगितले, की दोष फडक्याचा आणि माझ्या निकालाचा आहे, या माणसाचा नाही. मालकाने कापलेले फडके उचलून उलटसुलट पाहिले. मग त्याने अनसिंगला फोन लावला आणि उद्या येऊ नको, असे सांगितले. चालकाशी तो थेट बोलला नाही. इतकेच म्हणाला, "पलीकडची सोयाबीनची गंजी आजच काढू."

चालकाने मान हलवली. पण आधी इंजिन थंड होऊ देऊन बंद केले आणि माझ्याकडे आला.

"ज्याच्यापायी माही भाकर हातची जात होती, ते पाहू तरी द्या, काका."

मी पाइप काढला. त्याने वाकून आत पाहिले आणि एका बोटाने पंखा हलकेच ढकलला. पंखा आवाज न करता फिरला, फिरत राहिला. मालकही वाकला.