तात्यांचं ताट

भांड्यांच्या साबणाचा लिंबासारखा वास आला की ओतूरच्या घरामागची मोरी आठवते. जर्मनीहून सुट्टीला आलो होतो. मटणाचं जेवण झालं, पुरुष ओसरीवर पान लावत बसले आणि मी तिकडच्या सवयीनं माझं ताट उचलून आईशेजारी घासायला बसलो. चुलते सगळ्यांदेखत ओरडले, "काय रं, तिकडं जाऊन हेच शिकला व्हय?" मी म्हणालो, "व्हय तात्या, हेच शिकलो. तुमचं ताट बी द्या इकडं." आईनं काथ्या माझ्याकडे सरकवला. परवा इथे जर्मनीत, ऑफिसात मला हातानं जेवताना बघून साहेबानं माझ्यापुढे काटा ठेवला. "हे मी आईकडून शिकलोय," म्हणालो आणि भाकरी मोडली.