गभणे मास्तरची चौकट

गभणे मास्तर माणसाशी बोलण्याआधी दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करायचा आणि एक डोळा मिटून तिच्यातून पाहायचा. आमच्या म्हशीलाही तसाच पाहायचा. म्हैस तोंड फिरवून घ्यायची. माझी बायको गिरजा मात्र लाजून पदर सारखा करायची.

एकोडीच्या हायस्कुलात तो ड्रॉइंग शिकवायचा आणि आमच्या समोरच्या खोलीत भाड्याने राहायचा. शिकवायचा म्हणजे काय, फळ्यावर आंबा काढून "काढा रे" म्हणायचा आणि मोबाइलमध्ये डोकं घालायचा. नोकरी पक्की होती, तरी उन्हाळा लागला की नागपूरला कलेच्या मोठ्या डिगरीसाठी जायचा. नोकरीवाल्या मास्तरांचे वर्ग तिथं सुटीत भरतात. मी विचारलं, "आता कायले शिकून राहिला बे?"

म्हणे, "काका, कला हातात नाही, डोळ्यात असते. तिथं आमाले पाहणं शिकवतात."

पाहायला शिकायला बसभाडं भरून नागपूरला जाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

शेवटच्या वर्षी त्याला परीक्षेत द्यायला एकाच माणसाची पुष्कळ चित्रं हवी होती. त्याने गिरजाला धरलं. तिला दम्याचा त्रास. तरी ती ठेवणीतलं लुगडं नेसून रोज पडवीत बसायची.

"मान आखडली जी, मास्तर."

"हालू नका काकू! उजेड मस्त पडून राहिला."

मी ओरडलो तर गिरजाच मला म्हणाली, "राहू द्या न. माही फोटो कोण काढते?"

खरंच कोणी काढली नव्हती. पावसाळ्यात, धानाच्या भर रोवणीत गिरजा गेली, तेव्हा घरात तिची आधार कार्डावरचीच फोटो होती. त्यात ती चोरासारखी दिसते. तेरवीला भिंतीवर लावायला मी मास्तरला एक चित्र मागितलं.

"ते तं जमा केले काका. पहिला आलो न मी!"

"मंग आण वापस."

गेला आणि हात हालवत परत आला. निकाल लागल्यावर तिथल्या लोकांनी सारी चित्रं रद्दीत काढली होती. पहिल्या नंबराची किंमत ही. वर मलाच म्हणतो, "टेन्शन नका घेऊ. काकू माह्या डोळ्यात हायेत."

डोळ्यातली काकू त्याने कागदावर काढली. लुगड्याची एकेक चुणी बरोबर. तेरवीला गिरजाची सख्खी बहीण आली, चित्रापुढे उभी राहिली आणि मला विचारलं, "हे कोण होय जी, भाटवा?"

मी मास्तरला म्हटलं, "गोंदण कुठं गेलं?"

गिरजाच्या कपाळावर चंद्रकोर होती, हनुवटीवर ठिपके. लग्न होऊन आली ती तेच घेऊन आली. मास्तरने बोटांची चौकट केली, चित्राकडे पाहिलं आणि म्हणाला, "काकूले गोंदण होतं काय?"

महिनाभर समोर बसवली होती तिला, दम लागत असताना.

मी चुलीतला विझलेला कोळसा आणला आणि सगळ्यांसमोर चित्रावर चंद्रकोर काढली, खाली ठिपके दिले. कोर वाकडी आली. गिरजाची बहीण मात्र तेव्हा पहिल्यांदा रडली.

मास्तरने खोली सोडली. आता तोच उन्हाळ्यात नागपुरात दुसऱ्या मास्तरांना पाहणं शिकवतो म्हणतात. शिकवो. माझी चंद्रकोर फिकी पडली की मी पुन्हा कोळसा लावतो.